आमची हेराल्ड

आमच्या डहाणूच्या घरामागे चिकूची लहानशी वाडी आहे आणि वाडीच्या पार टोकाला एक पत्र्याची शेड. लहानपणी मला त्या शेडमध्ये जायला मनाई होती. आजीला कारण विचारले की ती म्हणे, "तिथे साप आहे." बाबांना विचारले की ते म्हणत, "तिथे काही नाही." दोघांपैकी एक जण नक्की खोटे बोलत होते, आणि माझा संशय दोघांवरही होता. दाराच्या फटीला डोळा लावला की चिकूच्या रिकाम्या करंड्यांची रास दिसे, आणि त्या राशीखाली ताडपत्री पांघरून म्हशीएवढे काहीतरी बसलेले असे.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. ज्यांच्या वाड्या आहेत त्यांना त्या दिवसाबद्दल वेगळे सांगायला नको. आमची अकरा झाडे मुळांसकट आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि मी वाडीत गेलो, तेव्हा शेडचे पत्रे शेजाऱ्यांच्या विहिरीपाशी जाऊन पडले होते, करंड्या वाडीभर विखुरल्या होत्या, आणि चार खांबांच्या मध्ये, भर उजेडात, एक मोटार उभी होती. तिच्या टपावर चिकूची एक फांदी होती, फळांसकट. बाबांनी पडलेल्या झाडांकडे पाहिलेही नाही. त्यांनी फांदी उचलून बाजूला ठेवली आणि टपावरून हात फिरवला. हाताला विटकरी भुकटी लागली.

"बाबा, ही कोणाची?"

"तुझ्या आजोबांची."

"आणि साप?"

"तो आजीचा," बाबा म्हणाले.

मी तेव्हा दहावीत होते. परीक्षा रद्द झालेली, कॉलेज कधी सुरू होईल याचा पत्ता नाही, घराबाहेर पडायची सोय नाही. बाबांची पोस्टातली नोकरी चालू होती, पण संध्याकाळी आणि रविवारी त्यांनाही जाण्यासारखे ठिकाण उरले नव्हते. पडलेली झाडे तोडून झाली, पंचनामा झाला, शेडवर नवे पत्रे चढले. मग एका रविवारी बाबा जुना पाना-पेटारा घेऊन शेडकडे निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, "येतेस?" पुढची चार वर्षे आमच्या घरात जे काही चालले त्याची सुरुवात एवढीच.

आता या गाडीविषयी थोडे सांगायला हवे, कारण आजच्या वर्गमित्रांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल. तिचे नाव स्टँडर्ड हेराल्ड. मुळात ही इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. ती तिकडे १९५९ साली निघाली, आणि तिचा आकार जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने काढलेला. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती १९६१ पासून बनवायला घेतली. त्या काळी नवी मोटार घ्यायची तर ॲम्बॅसॅडर, फियाट आणि ही हेराल्ड, एवढीच काय ती निवड, आणि तीही नंबर लावून वाट पाहिल्यावर. आमची गाडी १९६६ सालची, म्हणजे बाबांच्याच वयाची. आजोबांनी ती १९७२ मध्ये एका पारशी वाडीवाल्याकडून जुनीच विकत घेतली. आजोबा डॉक्टर होते. डहाणूत दवाखाना आणि आठवड्यातून दोनदा तलासरीच्या बाजूला फेरी. इंजिन अवघे ९४८ सी.सी.चे, पण गाडी २५ फुटांच्या वर्तुळात वळे. वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यांवर याची किंमत काय असते, ते टेम्पोवाल्यांना विचारावे.

आणखी एक गोष्ट मला बाबांनी त्या पहिल्याच रविवारी सांगितली आणि माझी झोप उडाली. हेराल्डचीच चासी थोडी आखूड करून तिच्यावर ट्रायम्फ कंपनीने १९६२ साली एक स्पोर्ट्स कार बसवली. तिचे नाव स्पिटफायर, महायुद्धातल्या लढाऊ विमानाचे. म्हणजे आमच्या शेडमधली ही करंड्यांखालची म्हातारी एका स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण निघाली! मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातली एक धावपट्टी होती. तिच्यावर पुढे मोटारींच्या शर्यती होत आणि तिथे आपल्या देशी हेराल्डसुद्धा पळत. हे ऐकल्यापासून मी गाडीकडे वेगळ्याच आदराने पाहू लागले. गाडीने मात्र त्या आदराला साजेसे काही केले नाही. दार उघडायला गेले तर मूठ माझ्या हातात आली.

डहाणूची हवा माणसांना मानवते, लोखंडाला मानवत नाही. गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू या तिघांची भागीदारी, आणि समुद्रावरून येणारे मीठ हा त्यांचा दलाल. मीठ विरघळले की पाण्यातून वीज सहज वाहते आणि भागीदारीचा धंदा झपाट्याने चालतो. शिवाय गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड उघडे पडते. मी शास्त्र शाखेकडे गेले नाही, पण एवढे रसायनशास्त्र मी वायर ब्रशने शिकले. वरून दिसणारा गंज हा खरा गंजच नव्हे, हेही शिकले. टप, बॉनेट, दारे ही घासली की खाली पत्रा निघत होता. जिथे चिखल आणि पाणी कोंडून राहते तिथे, दारांच्या खालच्या कडेला, डिकीच्या तळाशी, चासीच्या पोकळ पट्ट्यांमध्ये, रंग शाबूत दिसे आणि बोट टेकवले की बोट आत जाई.

सुदैवाने हेराल्ड ही घरगुती दुरुस्तीसाठीच बनवली असावी, असे वाटण्यासारखी गाडी आहे. आजच्या मोटारीचा सांगाडा आणि चासी एकजीव असतात. हिची चासी वेगळी आणि तिच्यावरचे अंग तुकड्यातुकड्यांत, बोल्टांनी जोडलेले. पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, टपसुद्धा वेगळा. बोल्ट सुटले तर! एकेका बोल्टावर आम्ही डिझेल आणि रॉकेल ओतायचो, दोन दिवस वाट पाहायचो, मग बाबा पाना लावून सगळा भार टाकायचे. एक तर बोल्ट सुटे, नाहीतर त्याचे डोके तुटून येई. तिसरी शक्यता अशी की बाबांचा हात सटके आणि आजीला ओटीवर ऐकू येईल असा शब्द त्यांच्या तोंडून निघे. पावसाळा संपेपर्यंत गाडीचे तुकडे झाले. वाडीत कामाला येणाऱ्या चौघांनी मागचा अर्धा भाग उचलला आणि नारळाच्या ओंडक्यांवर नेऊन ठेवला. शेडमध्ये एका बाजूला करंड्या आणि दुसऱ्या बाजूला हेराल्ड, अशी विभागणी झाली. आलेल्या पाहुण्यांना वाटे की आम्ही भंगाराचा धंदा सुरू केला.

टप बोल्टांनी बसवलेला आहे म्हटल्यावर माझ्या मनात जे आले ते कोणाच्याही मनात आले असते. मी म्हटले, "बाबा, टप परत बसवायचाच कशाला? उघडी गाडी करू. स्पोर्ट्स कार!" योगायोग असा की त्याच सुमारास मुंबईच्या एका शौकीन गृहस्थांना कुठून तरी आमच्या गाडीचा सुगावा लागला. ते येऊन पाहून गेले, आणि टपाशिवायची करून दिलीत तर चांगली किंमत देईन म्हणाले. आकडा ऐकून आईने त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. पण बाबा ऐकेनात. त्यांच्या हाती एक भक्कम कारण लागले होते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या मोटारींसाठी नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. मात्र चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही. "सरकार म्हणतं मूळ रूप," बाबा म्हणाले. सरकार काय म्हणते याची बाबांना एवढी काळजी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. माझी स्पोर्ट्स कार गेली. त्याबद्दल मी बाबांना अजून पूर्ण क्षमा केलेली नाही.

मागच्या आसनाखाली आजोबांची बॅग सापडली. चामडे उंदरांनी खाल्लेले, कडी घट्ट बसलेली. पक्कडीने उघडली. आत चिमटे, एक काचेची सिरिंज, स्टेथास्कोपची रबरी नळी वितळून डांबरासारखी झालेली, आणि हातमोज्यांची दोन पाकिटे, तीही एकमेकांना चिकटून गेलेली. आजीने ती बॅग मांडीवर घेतली आणि आत नेली. तिने बॅग कुठे ठेवली ते मला माहीत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. ती इतके दिवस मी टाळत होते. वार्षिकाच्या संपादक मॅडमनी "तुमच्या गाडीवर एखादा गमतीदार लेख दे" असे सांगितले होते. गमतीदार भाग वर लिहून संपला.

आजोबा जुलै १९८८ मध्ये गेले, एवढे मला ठाऊक होते. कसे गेले हे घरात कोणी बोलत नसे. चासी मोकळी झाली, इंजिन लाकडी घोड्यावर चढले, आणि बाबा कार्बुरेटर सोडवायला बसले त्या संध्याकाळी त्यांनी ते मला सांगितले. माझ्याकडे न पाहता, स्क्रू फिरवता फिरवता.

गाडी तेव्हा काही दिवस गचके देत होती. आजोबांनी बाबांना सांगितले होते, रविवारी कार्बुरेटर साफ करून घे. बाबा बावीस वर्षांचे. त्या रविवारी ते मित्रांबरोबर सिनेमाला गेले. बुधवारी रात्री आजोबांच्या छातीत कळ आली. स्वतः डॉक्टर असल्यामुळे ही कसली कळ ते त्यांना लगेच समजले. वलसाडला न्यायचे ठरले. बाबा गाडी चालवत होते. मागे आजी, तिच्या मांडीवर आजोबांचे डोके. पाऊस असा की काचेपलीकडे काही दिसत नव्हते. चारोटीवरून हमरस्त्याला लागले आणि तलासरीच्या अलीकडे गाडीने दोन गचके दिले आणि ती थांबली. बाबांनी बॉनेट उघडून जे समजत होते ते हलवून पाहिले, पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला, बॅटरी उतरेपर्यंत मारला. पाऊणएक तासाने एका ट्रकवाल्याने तिघांना वर घेतले. वापीच्या आधीच आजोबा गेले.

"कार्बुरेटर," बाबा म्हणाले, आणि त्यांनी त्याचे झाकण उचलले.

तळाशी बोटभर लाल गाळ होता.

बाबांनी तो बोटाने उचलला आणि पाहत राहिले. तेहतीस वर्षे मनात धरलेली गोष्ट त्यांच्यासमोर वाटीत वाढून ठेवल्यासारखी होती. मला बोलायला काही सुचले नाही. मी विजेरी धरून उभी राहिले.

चासीचे काम घरी होण्यासारखे नव्हते. मधल्या दोन कण्यांपासून बाहेर अंगाला आधार द्यायला जे हात निघतात ते पापडासारखे झाले होते. पातळ पत्र्याला जोड देणारा माणूस हवा होता. गॅस जास्त लागला की असा पत्रा ताणतो आणि वाकडा होतो. ट्रकांची कामे करणाऱ्या गॅरेजांना तलासरीत तोटा नाही. चौकशी करता करता हमरस्त्यालगतच्या एका मिस्त्रींचे नाव कळले. टेम्पोत चासी टाकून आम्ही त्यांच्याकडे गेलो. पन्नाशीच्या आतबाहेरचे, बारीक अंगाचे, बोलताना मराठीतून गुजरातीत आणि गुजरातीतून हिंदीत सहज जाणारे गृहस्थ. त्यांनी चासीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "ही तर हेराल्ड. डहाणूच्या डॉक्टरसाहेबांची होती तशी."

बाबा म्हणाले, "त्यांचीच. मी त्यांचा मुलगा."

मिस्त्रीकाकांनी हातातला पाना खाली ठेवला. ते तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे होते, उस्तादाच्या हाताखाली पाने धुण्याच्या कामावर. त्या रात्री ट्रक गेल्यावर रस्त्यात उभी असलेली गाडी उस्ताद आणि त्यांनी ढकलत गॅरेजात आणली होती. "सकाळी उस्तादानं डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली," ते सांगू लागले, "आत पाणीच पाणी. मला म्हणाला, फडकं आण. फडक्यानं पुसलं, बॅटरी दुसरी लावली, एका फटक्यात चालू झाली. उस्ताद स्वतः चालवत डहाणूला घेऊन गेला. मी बाजूला बसलो होतो. हिचं बॉनेट फार वाईट, भाऊ. दुसऱ्या गाडीचं झाकण उघडलं तरी थोडा आडोसा राहतो. हिचं अख्खं नाक पुढे उलटतं. पावसात उघडलं की सगळं इंजिन न्हाऊन निघतं. तुम्ही उघडलं असेल ना?"

त्यांनी हे वाईट हेतूने विचारले नव्हते. एक कारागीर दुसऱ्या माणसाला यंत्राचा दोष समजावून सांगत होता, एवढेच.

बाबा म्हणाले, "उघडलं होतं." मग त्यांनी वेल्डिंगचे किती पैसे होतील ते विचारले.

परतीच्या वाटेवर चारोटी नाका येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र मनात हिशेब मांडत होते. इतके महिने गाडीच्या सहवासात राहिल्यावर मला तेवढी अक्कल आली होती. बॉनेट उघडल्यामुळे डिस्ट्रिब्युटर भिजला हे मानले, तरी बॉनेट उघडले ते गाडी थांबल्यावर. मग आधी ती थांबली कशाने? कार्बुरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते, ते असे लाल गंजत नाही. म्हणजे तो गाळ टाकीतून पेट्रोलबरोबर वाहत आला, आणि पेट्रोल वाहते गाडी चालू असताना. तेव्हा गाळ जुनाच. पण तो गाळ पोटात घेऊनच गाडी दुसऱ्या दिवशी तलासरीहून डहाणूला धावत आली, हेही खरे. गाळ कधी जेटच्या तोंडाशी येतो, कधी हलून बाजूला जातो. आणि इतका पाऊस असताना उघडण्याआधीही पाणी आत गेले नसेल असे थोडेच आहे? मी हे सगळे बाबांना सांगितले. मला वाटले, त्यांना बरे वाटेल. ते म्हणाले, "म्हणजे कळणार नाही."

"नाही."

"फडकं होतं गाडीत," बाबा म्हणाले. "दाराच्या खिशात. काच पुसायचं."

त्यानंतर दोन महिने शेडला कुलूप होते. चासी तलासरीहून तयार होऊन आली, तीही ओट्यावर पडून राहिली. मी बारावीत गेले आणि अभ्यासाच्या नावाखाली तो विषय काढायचे टाळले. आई म्हणाली, विकून टाका सगळे भंगारात. ते आजीने ऐकले.

आजी तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. गाडीच्या कामात तिने कधी लक्ष घातले नव्हते. त्या दिवशी जेवणे झाल्यावर ती बाबांना म्हणाली, "गाडी आपल्या पायांनी घरी आली होती, ते मला ठाऊक होतं. तुम्ही पुरुषमाणसं स्मशानात गेला होतात. तो मिस्त्री किल्ली माझ्या हातात देऊन गेला. बरोबर एक पोरगा होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं होतं? की गाडी चांगली आहे?" आजी थोडा वेळ थांबली. "अंगणातून निघायच्या आधी त्यांनी स्वतःची नाडी पाहिली होती. घड्याळ लावून. मग माझ्याकडे पाहिलं. तू तेव्हा फाटक उघडत होतास."

एवढे बोलून ती झोपायला गेली. आजोबांनी खरेच नाडी पाहिली होती, की आजीने ती गोष्ट मुलासाठी त्या रात्री रचली, हे मी तिला विचारू शकले असते. विचारले नाही. बाबांनीही विचारले नसावे. मात्र पुढच्या रविवारी शेडचे कुलूप निघाले.

त्यापुढचे काम लांब होते, पण सांगण्यासारखे थोडे. उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल लावले की तो काळा पडून बसतो. त्यावर रेड ऑक्साइड, त्यावर रंग. पुट्टी कमीत कमी. खड्डे पुट्टीने भरले की गाडी महिनाभर नवी दिसते आणि पहिल्या पावसात खपल्या धरते. रबरे मुंबईत कुर्ल्याला आणि चोरबाजारात शोधली. काही सुटे भाग इंग्लंडहून आले. तिकडे या घराण्याच्या गाड्यांचे एवढे वेडे लोक आहेत की साठ वर्षांपूर्वीचे वायसरसुद्धा आज नव्याने निघतात. पेट्रोलच्या नळ्या सगळ्या बदलाव्या लागल्या, कारण आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला खाते. अडकलेल्या इंजिनात प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून आठ दिवस ठेवले आणि पुलीच्या नटाला पाना लावून रोज थोडे थोडे हलवले. नवव्या दिवशी ते फिरले तेव्हा बाबांनी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावले. कार्बुरेटर मी धुतला. बाबांनी तो माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेले. तो गाळ मी कुठे टाकला हे त्यांनी कधी विचारले नाही. मी तो एका औषधाच्या बाटलीत भरून ठेवला आहे. कशासाठी, ते माझे मलाही सांगता येत नाही.

गाडी पहिल्यांदा सुरू करायचा प्रयत्न केला तो २०२४ च्या दिवाळीत. चार प्लगांना ठिणगी ज्या क्रमाने मिळायला हवी तो क्रम असतो एक, तीन, चार, दोन. हे मी पाढ्यासारखे पाठ केले होते, आणि तरीही दोन तारा उलट लावल्या. असा बार उडाला की शेजाऱ्यांना वाटले फटाका, आणि वाडीतले सगळे कावळे बोर्डीच्या दिशेने निघून गेले. तारा बदलल्या. मग ती सुरू झाली. आवाज शिवणयंत्रासारखा. इतकी वर्षे ज्या आवाजाची मी कल्पना करत होते तो स्पोर्ट्स कारचा होता. हा अगदी साधा, घरगुती निघाला.

वसईच्या कार्यालयात नोंदणीचे हेलपाटे झाले. आजीच्या ट्रंकेत जुने आर.सी. पुस्तक सापडले म्हणून बरे. व्हिंटेज गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर काढायची. गेल्या जूनमध्ये बाबा एका सकाळी म्हणाले, "तलासरीला जाऊ. देखभालीसाठी." कसली देखभाल ते मी विचारले नाही.

मिस्त्रीकाकांनी गाडीभोवती पूर्वीसारखीच एक फेरी मारली. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला. आभाळ भरून आले होते. त्यांनी वर पाहिले आणि मला म्हणाले, "जा, समोरच्या मेडिकलमधून एक रबरी हातमोजा आण." मला वाटले, त्यांना ग्रीसमध्ये हात घालायचा असेल. हातमोजा आणल्यावर त्यांनी कात्रीने त्याच्या पाचही बोटांची टोके कापली. चार तारा प्लगच्या आणि एक कॉइलची, अशा पाच तारा एकेका बोटातून ओढून घेतल्या आणि हातमोजा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर उलटा चढवून खाली दोऱ्याने बांधला. "आता पावसात उघडा खुशाल," ते म्हणाले. "उस्ताद सगळ्या जुन्या गाड्यांना असंच करायचा. पाच बोटं, पाच तारा. जसं काही याच्यासाठीच बनवलंय."

बाबा त्या पांढऱ्या हातमोज्याकडे पाहत होते. त्यांनी पैसे विचारले. मिस्त्रीकाकांनी घेतले नाहीत.

निघालो तेव्हा तीन वाजले असतील. पूर्वीचा आठ नंबरचा हमरस्ता आता अठ्ठेचाळीस नंबरचा झाला आहे, रुंदही खूप झाला आहे. डावीकडून ट्रक, उजवीकडून ट्रक, आणि मध्ये आमची हेराल्ड. तलासरी मागे पडली आणि पाऊस आला, आमच्याकडे येतो तसा, एकदम. बाबांनी वेग कमी केला नाही आणि गाडी कुठे थांबवलीही नाही. गाडीचा एकच वायपर चालतो, तो बाबांच्या बाजूचा. माझ्या काचेतून मला काही दिसत नव्हते. त्यामुळे ती जागा नेमकी कोणती, हे मला आजही सांगता येणार नाही.